पाचव्या चाकातली हवा

मित्रांनो, मी नांदेडकडच्या गोरेगावातल्या एका जुन्या जीपची स्टेपनी आहे, म्हणजे पाचवे चाक. कारखान्यातून आम्ही पाचही एकाच मापाची निघालो, पण नशीब ज्याचे त्याचे. ती चार रस्त्यावर धावली आणि मी जीपमध्ये मागे आडवी पडून राहिले. माझ्यावर गोधडी टाकली की माणसे खुशाल बसत. निम्मा जन्म असाच गेला.

आमचा मालक नरसिंग स्वतःच जीप चालवी. माणूस नेकीचा. लांब जायचे असले की तो पहाटेच रेडिएटरमध्ये पाणी घाली, ब्रेक दाबून बघे आणि हातपंपाने चारही चाकांत हवा भरी. माझ्याकडे मात्र तो ढुंकूनही बघत नसे. बसायच्या पाटाची तब्येत कोण विचारतो?

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावातल्या पद्माबाईला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. कळा सुरू झाल्या होत्या, मूल आडवे होते आणि सुईणीने हात टेकले होते. पाय पसरता यावेत म्हणून सासू जनकाबाईने तिला मागे माझ्यावर बसवले. पद्माबाई कळवळली.

"नरसिंगा, लई टणक लागून राहिलं रे तिला. काही तरी कर, बाबा."

"थांबा मावशी, आत्ता मऊ करून देतो."

नरसिंगने माझी हवा सोडली. पद्माबाईला बरे वाटले. नरसिंगलाही पुण्य केल्यासारखे वाटले असावे. पंप अंगणातच राहिला. चाके तर भरून झाली होती!

औंढ्याच्या पुढे मागचे एक चाक पंक्चर झाले. नरसिंगने पद्माबाईला धरून उतरवले, मला बाहेर ओढले आणि मला दाबताच त्याचा हात रुतला. कडुनिंबाखाली पद्माबाई पदर तोंडात धरून कण्हत होती. मला फार राग आला, पण रबराचा राग कोणाला दिसतो?

"मीच सोडली, मावशी. तिला तकलीफ नगं म्हून."

"आणखी एक गोधडी मागायची व्हती," जनकाबाई म्हणाली. "हवा काहून काढली?"

नरसिंग रस्त्याच्या मधोमध जाऊन एखाद्या गाडीची वाट बघू लागला.

बऱ्याच वेळाने नरसिंगच्या ओळखीच्या हिरासिंगचा ट्रक आला. त्याच्याकडे पंप होता. दोघांनी आळीपाळीने मला भरले, बसवले आणि मी नांदेडपर्यंत धावले. आणखी उशीर झाला असता तर मायलेकींपैकी एकही हाती लागली नसती, असे डॉक्टर म्हणाले.

परत निघताना नरसिंग त्या लेकराकडे बघेना. जनकाबाईने ते त्याच्या मांडीवर ठेवले.

"घे रे. तुझ्यावर राग न्हाई. पण आता कुनी किती बी म्हनू दे, टणकच बसव."

मित्रांनो, दूरच्या वाटेला निघाल तेव्हा मलाही बाहेर काढा आणि माझी हवा बघा. माझ्यावर बसताना थोडे टोचले तर सोसा. मी घट्ट आहे, एवढेच त्यातून समजा.