काचेवरचं माप

आमचे हे परदेशात एका गोदीत वेल्डर. फोनवर त्यांचा चेहरा शर्टाच्या बटणाएवढा दिसतो. "बारीक झालात का?" विचारलं, की ते बटण म्हणतं, "छे गं, मजेत आहे." मी शिंपीण. दारातून आत येणाऱ्याची छाती-खांदा नजरेनंच मोजते. पण बटणाचं माप कसं घेणार? म्हणून ठरवलं, माणसाएवढा माणूस दिसेल असा कॉम्प्युटरचा मॉनिटर घ्यायचा.

दुकानदारानं किंमत सांगितली आणि माझे डोळे पांढरे झाले.

"एवढाच टीव्ही निम्म्यात मिळतो की हो!"

"टीव्ही लांबून बघतात, ताई. हा हातभर अंतरावरून बघायचा, तर ठिपके बारीक आणि दाट लागतात. शिवाय मोठ्या काचेत कुठे खोट निघाली तर अख्खा पडदा बाद. लहान असेल तर लहानच वाया जातो."

हे पटलं. डागाळलेल्या कापडातून रुमाल डाग चुकवून बेतता येतात, पलंगपोस नाही बेतता येत. पण पटलं म्हणून राग थोडाच जातो? फणफणत घरी आले आणि ह्यांना फोनवर किंमत ऐकवली.

हे हसले. "अगं, तेवढ्या पैशात मी घरी येऊन परत जाईन."

"मग या ना!"

"सुट्टी नाही गं. तू घेऊन टाक तो."

आणि मी मेली इतकी वर्षं विमानाच्या महाग तिकिटाच्या नावानं बोटं मोडत होते.

घेतला. रविवारी हे पडद्यावर आले, खरंच माणसाएवढे. मी गळ्यातली टेप काढून सरळ काचेला लावली. खांदा अठरा इंच. हायसं वाटलं. तेवढ्यात हे पाणी प्यायला मागे रेलले, तर पंधरा.

"हलू नका हो!"

"बरं. पुढे येऊ का मागे जाऊ?"

काय सांगणार? पुढे आले की भरत होते, मागे गेले की वाळत होते. लोकांचे कपडे बेतण्यात जन्म गेला आणि मी काचेचं माप घेत बसले होते.

"किती भरलं?" ह्यांनी विचारलं.

"मला तुमच्या खांद्यावर हात ठेवायचाय," मी म्हणाले, आणि रडूच आलं.

ह्यांनी खुर्ची पुढे ओढून खांदा कॅमेऱ्याला टेकवला. पडद्यावर नुसता शर्ट. मी काचेवर तळवा ठेवला. कोमट लागली. मशीनची ऊब ती, मला काय कळत नाही? पण हात काही काढवेना.