दारातून दिसणारे पाच पक्षी

मी एक जुने झुंबर आहे, पाळण्यावर टांगायचे. झुंबर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेचे लोलक आले असतील, तर ते आधी विसरा. मी म्हणजे एकमेकींवर आडव्या बांधलेल्या दोन काठ्या, थोडासा दोरा आणि पातळ फळीचे पाच पक्षी. मित्रांनो, मला लहानपणापासून एकच प्रश्न पडत आला आहे. माझ्याकडे बघणाऱ्याला नेमके काय दिसत असेल?

मला घडवले ते बाळाच्या बाबांनी. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. एका पाटीची उरलेली फळी त्यांनी घरी आणली, पक्षी कापले आणि पॉलिश पेपरने इतके घासले, की कुठे कुसळ राहिले नाही. मग रंग दिले. हाताला अक्षरांची सवय, त्यामुळे लाल पक्ष्याची शेपटी एखाद्या वेलांटीसारखी वळली आणि पिवळ्याचा चेहरा गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारासारखा झाला. एक पक्षी जड, एक हलका. काठ्या सरळ राहीनात. बाबा गाठ थोडी इकडे सरकवत, थोडी तिकडे, आणि श्वास रोखून बघत. मी तोल सांभाळून पहिल्यांदा स्थिर झालो, तेव्हा ते स्वतःशीच हसले.

मला पाळण्यावर, छताच्या कडीला टांगून झाल्यावर ते दारात जाऊन उभे राहिले. पाटी लावली की रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायची त्यांची रीतच होती. पाचही पक्षी उभे, रंगीत, डौलदार दिसत होते. येणारा प्रत्येक जण दारातच थबके आणि वाहवा करी. मी अगदी हुरळून गेलो होतो.

बाळ मात्र माझ्याकडे बघत नसे.

चार महिन्यांची झाली तरी छकुली छताकडे नाहीतर भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत राही. मी हलायचो, गिरक्या घ्यायचो, तिची नजर माझ्यावरून निसटून जायची. मला मोठे कोडे पडले. एके दिवशी आत्या आल्या. त्यांनी माझे तोंडभर कौतुक केले, मग पाळण्यात वाकून पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, हिची नजर ठरत नाही गं. एकदा डोळे दाखवून घ्या."

 त्या दिवसापासून आई खुळखुळा घेऊन बसू लागली. खुळखुळा वाजला की छकुली वळे, पण ती आवाजाला वळते की दिसल्यामुळे, हे कसे कळावे? आई खुळखुळा मुठीत घट्ट धरून न वाजवता फिरवी. तेवढ्यात छकुलीला जांभई येई, आणि आई तोंड फिरवून डोळे पुसे. डॉक्टरांकडे जायचे ठरले. घरात कोणी मोठ्याने बोलेनासे झाले. मला तर वाटले, दोष माझाच असणार.

जायच्या आदल्या दिवशी पाळण्याचा एक पाय कुरकुरू लागला. बाबांनी छकुलीला खाली दुपट्यावर ठेवले, पाळणा बाहेर नेऊन स्क्रू आवळला आणि परत येऊन दमून तिच्या शेजारी जमिनीवर आडवे झाले. त्यांचे डोके तिच्या डोक्याशेजारी होते. त्यांनी वर पाहिले. मग एकदम ओरडले, "अगं, इकडे ये! लवकर!"

आई घाबरून धावत आली. "काय झालं?"

"आधी आडवी हो."

"अहो, हात ओले आहेत माझे."

"ओल्या हातांनी हो."

ती आडवी झाली.

"काय दिसतं?"

"काही नाही. दोन काठ्या आणि पाच रेघा."

"पक्षी?"

"पक्षी कुठायत?"

 पाटी वाचणारा नेहमी समोरून येतो, म्हणून बाबांनी मला समोरून येणाऱ्यासाठी केले होते. झोपून बघणाऱ्याच्या वाट्याला नुसत्या फळीच्या कडा आल्या होत्या. "मी पण काय माणूस आहे!" असे म्हणून बाबांनी कपाळावर हात मारला. आई हसू लागली आणि हसता हसता रडू लागली.

बाबांनी तिथल्या तिथे मला उतरवले. प्रत्येक पक्ष्याला नवी भोके पाडून तीन दोऱ्यांवर आडवे टांगले, रंगीत अंग खाली करून. पुन्हा तोल, पुन्हा गाठी. मग मला वर चढवले आणि हळूच फुंकर मारली. लाल पक्षी डावीकडे निघाला. छकुलीची नजरही डावीकडे निघाली. तो उजवीकडे आला, नजर मागोमाग आली. आईने तोंडावर हात दाबून धरला, आवाज होऊ नये म्हणून. मित्रांनो, इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही डोळे छान आहेत म्हणून सांगितले.

त्यानंतर दारातून कोणी माझी वाहवा केली नाही. तिथून आता रेघाच दिसत. छकुली मोठी झाली आणि मी खोक्यात, खोके माळ्यावर. पिवळ्याची चोच तुटली, दोरे जीर्ण झाले. वर्षानुवर्षे अंधारात मी विचार करत असे, तिला काय काय दिसले असेल?

परवा बाबांनी मला खाली काढले. त्यांचे हात आता थरथरतात, तरी नवे दोरे त्यांनीच ओवले. छकुलीच्या बाळासाठी मला टांगले. छकुली दारातून म्हणाली, "बाबा, हे काय? नुसत्या रेघा तर आहेत. उगाच धूळ साठेल. टाकून देऊ या?"

बाबा एवढेच म्हणाले, "आधी आडवी हो."

ती हसत दुपट्यावरच्या बाळाशेजारी आडवी झाली. बाबांनी फुंकर मारली. लाल पक्षी डावीकडे निघाला, आणि चार डोळे त्याच्यामागे निघाले. छकुलीचे हसू थांबले. लाल पक्ष्याकडे बोट करून ती म्हणाली, "बाबा, याला मी ओळखते."

मित्रांनो, जुन्या वस्तू कोरड्या फडक्याने पुसा, दोरा विरला असेल तर बदला. आणि एखादी टाकावीशी वाटलीच, तर ती ज्याच्यासाठी केली होती, त्याच्या जागी जाऊन तिच्याकडे एकदा बघा.