तोंडाचे तीन गुण

मंगळवारी सकाळी डॉ. हेर्लेकर राउंडला आले ते तोंडाशिवाय. नाकाखाली थेट हनुवटीपर्यंत सपाट, नीट दाढी केलेली कातडी. त्यांनी कस्तुरीची फाइल चाळली, तिच्या गुडघ्यावरची सूज दाबून पाहिली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मोठ्या डॉक्टरांना कोण विचारणार?

मी मुलांच्या वॉर्डात समुपदेशक आहे. मुलांना कोरा कागद द्यायचा, "दवाखान्यातला माणूस काढ" एवढंच सांगायचं आणि चित्रावरून मूल किती घाबरलंय ते मोजायचं, हे माझं काम. हात नसले तर दोन गुण, तोंड नसलं तर तीन. बावीस वर्षं मोजतेय, मला कोण शिकवणार?

सोमवारी नऊ वर्षांच्या कस्तुरीने डॉक्टर काढले होते, बिनतोंडाचे. मी तीन गुण दिले आणि घरी गेले. विचारलं काहीच नाही.

आज तिने आईला काढलं. आई शेजारीच बसून सांगत होती, "नुसती गाठ बघणारेत गं, मग लगीच खेळायला..." आणि मधेच थांबली. ओठांच्या जागी गालासारखंच गुळगुळीत झालं होतं. मी कस्तुरीच्या हातातला कागद पाहिला.

"आईचं तोंड का नाही काढलंस?"

"ती खोटं बोलती," कस्तुरी म्हणाली. "डॉक्टरबी."

"आणि मी?"

"तुम्ही म्हणालासा, काय होत नाही."

म्हटलं होतं मी. सगळ्याच मुलांना म्हणते. बुधवारी तिचा डावा पाय मांडीपासून काढणार होते. एवढ्याशा पोरीला कशाला सांगायचं, असं आम्हीच मोठ्यांनी ठरवलं होतं.

तिने मला काढायला घेतलं. पेन्सिल नाकापाशी थांबली. मी ओठ चाचपायला गेले तर बोटं सरळ हनुवटीवर घसरली. मग तिने शेजारी स्वतःला काढलं, एका पायावर उभं. तिला कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक. मला रडू आलं, आवाज मात्र फुटला नाही.

कस्तुरीने माझ्या चित्रात नाकाखाली लहानशी आडवी रेघ मारली. माझ्या चेहऱ्यावर टाका उसवल्यासारखं झालं.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "त्यो पाय कुठं ठेवणार?"

आईने माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ती जोरजोराने नकारार्थी मान हलवू लागली. कस्तुरीने रेघेचा गोल केला. माझं तोंड उघडलं.