श्वास पडलेला वर्णपट

ताईच्या नाकावर कायम राग असतो, हे तिच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांनाही ठाऊक असावं. पण संचालकांनी तिला वर बोलावून, वर्णपटांचा संग्रह आठवडाभरात बंद करायचा आहे असं सांगितलं, तेव्हा तिने हातातला पाण्याचा पेला अगदी हळू खाली ठेवला. तिला ओळखणाऱ्या कुणीही तेवढ्यावरून काढता पाय घेतला असता. संचालक नवे होते, ते बोलत राहिले.

हा संग्रह म्हणजे ताईचं अर्धं आयुष्य. पदार्थातून अवरक्त प्रकाश सोडला की पदार्थ त्यातला थोडा गिळतो, उरलेला पुढे जाऊ देतो आणि यंत्र त्याची रेघ काढतं. कुठे खळगा, कुठे सपाटी. हा झाला वर्णपट. प्रत्येक पदार्थाची रेघ वेगळी, बोटाच्या ठशासारखी. आपल्या चंबूत नेमकं काय तयार झालंय हे ओळखायचं, तर आधी कुणीतरी काढलेली रेघ शेजारी ठेवून बघावी लागते. आणि या रेघा एके काळी अशा जाडजूड ग्रंथांत असत की ते विकत घेताना श्रीमंत संस्थाही कुरकुरायच्या. शिकत असताना ताईने एका पदार्थामागे उभं वर्ष घालवलं, तो नवा म्हणून मिरवला, आणि निघाला जुनाच. त्याची रेघ जगात होती, फक्त हिच्यासाठी कुलपात होती. तो संताप अजून शमलेला नव्हता.

तिचा धाकटा भाऊ संगणकातला. घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत. त्याने कुणीतरी टाकून दिलेला संगणक दुरुस्त केला, प्रयोगशाळेच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत मांडला आणि ताईने काढलेले वर्णपट इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळे केले. कुणीही बघावेत, कुणीही उतरवून घ्यावेत. हळूहळू लांबलांबच्या प्रयोगशाळांतून लोक आपापले वर्णपट पाठवू लागले. संगणक वाढले, खोली गरम होऊ लागली. वहिनी, म्हणजे खटपट्याची बायको, त्या खोलीला सवत म्हणायची. "ती आजारी पडली की हे रजा काढतात, मला ताप आला तर गोळी घे म्हणतात," असं ती पाहुण्यांना ऐकवायची, आणि उन्हाळ्यात सवतीसाठी घरातला पंखाही तिनेच पाठवून दिला होता.

संग्रहाचा नियम एकच होता आणि त्यावर ताई कुणाचं ऐकत नसे. काढून टाकायचं काही नाही. वर्णपट चुकला तर तो तसाच राहील, काय चुकलं ते खाली लिहायचं आणि लिहिणाऱ्याने आपलं नाव घालायचं. ही स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडण्याची हौस कशाला, असं अनेकांनी विचारलं. ताई म्हणायची, माझी चूक दिसली तर पुढच्याचं वर्ष वाचेल.

आता वर्णपट विकणारी एक मोठी कंपनी म्हणत होती की हा संग्रह त्यांच्याकडून चोरलेला आहे. तो बंद करा, नाहीतर कोर्टात या. नसती आफत नको, असं संचालकांचं मत होतं. ताईला भीती वाटली. कोर्ट तिने कधी पाहिलं नव्हतं. पण चोर म्हणवून घेऊन मूग गिळून बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. आधी मला पुरावा दाखवा, मग कुलूप लावा, एवढं तिने पदरात पाडून घेतलं.

कंपनीचे वकील पुरावा घेऊन आले. संचालकांच्या लांबलचक टेबलावर त्यांनी कागदांच्या जोड्या मांडल्या, एक रेघ कंपनीची, एक संग्रहातली. ते अभ्यास करून आले होते. दोन यंत्रांवर काढलेल्या रेघा कधीच तंतोतंत जुळत नाहीत, असं त्यांनी समजावलं. एकाच यंत्रावर लागोपाठ काढल्या तरी त्यांची बारीक थरथर वेगळी येते. इथे थरथरसुद्धा जुळतेय. म्हणजे एक रेघ दुसरीवरून उचललेली आहे.

ताईला ते पटलं. ती कागद चाळत राहिली आणि एका जोडीपाशी थांबली. मग तिला हसू फुटलं. संचालकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

"हा खळगा कसला?" तिने वकिलांना विचारलं.

वकिलांनी कंपनीच्या कागदावरची ओळ वाचली. या पदार्थाची ठळक खूण, असं तिथे छापलं होतं.

"ही पदार्थाची खूण नाही," ताई म्हणाली. "हा माझा श्वास आहे."

ताईसोबत आलेल्या खटपट्याने प्रोजेक्टरवरून भिंतीवर संग्रहातलं ते पान उघडलं. खाली टीप होती, ताईच्याच नावाने. सर्दीने डोळ्यांना पाणी येत होतं, नीट दिसत नव्हतं म्हणून यंत्राच्या कप्प्याचं झाकण उघडून ती आत वाकली आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड रेघेत उतरला. टिपेखाली त्याच सकाळची सगळी मापनं होती, आधी रिकाम्या यंत्राचं, मग हे फसलेलं, मग झाकण लावून पुन्हा घेतलेलं.

"तुमच्याकडच्या आधीच्या आणि नंतरच्या रेघा दाखवा," ताई म्हणाली. "ज्याने हे माप घेतलं त्याच्याकडे त्या असणारच."

वकिलांनी बॅग उघडली, बंद केली, आणि बाहेर जाऊन फोन केला. परत आले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. कंपनी तक्रार मागे घेईल, संग्रह चालू राहू द्या, फक्त हे एक पान काढून टाका. कंपनीची नाचक्की नको. संचालकांचा जीव भांड्यात पडला. एका पानाने काय होतंय, असं ते ताईला समजावू लागले.

"नाही," ताई म्हणाली. "वकीलसाहेब, वर्णपट हवे तेवढे न्या. सगळेच न्या, त्यासाठीच मांडलेत. पण न्यायचे तर खालच्या टिपांसकट न्या."

संचालकांचा आवाज चढला. पान काढा, हा हुकूम आहे, असं ते म्हणाले.

"मग सर, तुम्ही खाली या. तुमच्या हाताने काढा, आणि का काढलं ते लिहून खाली तुमचं नाव घाला. नाव घालायचा नियम सगळ्यांना आहे."

संचालकांनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी कागद गोळा केले. खाली जायला कुणीच उठलं नाही.

ताई आणि खटपट्या जिना उतरून सवतीच्या खोलीत आले. वहिनीने पाठवलेला पंखा घरघरत होता. खटपट्या संगणकासमोर बसला. बाजूला सर म्हणत ताईने खुर्ची बळकावली आणि जुन्या टिपेखाली नवी लिहिली.

'हा वर्णपट चुकीचा आहे. ज्यांनी तो बरोबर समजून विकत घेतला असेल, त्यांनी खालचा बरोबर वर्णपट इथून फुकट न्यावा.'

खाली तिने स्वतःचं नाव घातलं.