धरून ठेवलेलं कुलूप

संभाजीराव गेले, मागे त्यांच्या भीमगीतांच्या कॅसेटी राहिल्या. दिलसुखनगरच्या घरात दार लावून, एकटेच बसून त्यांनी त्या भरल्या होत्या. त्यांच्या मुलीनं, स्वप्नानं, खरखर काढायला एक प्रोग्राम लिहिला. पण एका गाण्याला अख्खी दुपार जायची.

ऑफिसातल्या निखिलनं तो पाहिला आणि हसला. प्रोग्राममध्ये राबणारा हात एकच, तरी कंपाइल करताना, म्हणजे तो यंत्राच्या भाषेत उतरवताना, तिनं अनेक हातांची, म्हणजे थ्रेडिंगची, सोय चालू ठेवली होती. त्यामुळे तो दरवेळी मेमरीला कुलूप लावायचा, काम करायचा, कुलूप काढायचा. दुसरं कुणी नसताना. वेळ सगळा त्यातच जात होता.

स्वप्नानं ती सोय बंद केली. चहाला उकळी येईस्तोवर गाणं तयार. तिनं आईला, मालनबाईंना, ऐकायला बसवलं.

वडील गात होते. ध्रुवपद आलं आणि त्यांच्यामागून कुणीतरी झील धरली. पुरुषाचा आवाज, जरासा बसका.

मूळ कॅसेट लावली, तर त्या जागी वडिलांच्या मागे नुसती खरखर. कुलपं नाहीत म्हणून मेमरीतले आवाजाचे आकडे एकमेकांवर सांडले असतील, असं स्वप्ना म्हणाली खरी. पण सांडायलाही दुसरा हात लागतो, हे तिला माहीत होतं.

"अमरदीप हाय," मालनबाई म्हणाल्या. अमरदीप त्यांचा थोरला. चार वर्षांचा असताना तापानं गेलेला. "आज असता तर असाच गळा असता त्याचा."

स्वप्नानं थ्रेडिंग पुन्हा चालू करून तेच गाणं लावलं. प्रोग्राम रखडत चालला आणि ध्रुवपदाशी थांबला. तिनं आत डोकावून पाहिलं. तो कुलूप सुटायची वाट पाहत होता. त्याचा एकुलता हात बाहेर ताटकळत होता. कुलूप दुसऱ्याच कुणीतरी धरलं होतं. निखिलला फोन केला. असं होऊच शकत नाही, बंद करून टाक, म्हणाला.

तिनं हात पुढे केला. मालनबाईंनी मनगट धरलं.

"नक्को, पोरी. त्याचं होऊ दे."

दोघी बसून राहिल्या. खाली कोचिंगची पोरं सुटली, गलका झाला, ओसरला. मग पडद्यावरची, काम किती झालं ते दाखवणारी रेघ आपोआप पुढे सरकली.

तयार गाण्यात वडील ध्रुवपदाला थांबले होते. मूळ कॅसेटवर ते कुठंच थांबत नव्हते. एका ओळीपुरती शांतता, जणू ती ओळ दुसऱ्या कुणासाठी सोडलेली, मग पुढचं कडवं.

मालनबाईंनी डोळे पुसले आणि दुसरी कॅसेट काढून लेकीच्या हातात दिली.