चारशे बारा नंबरची काच

विप्के तेर्पस्ट्रानं डूख धरला होता, आणि अकरा वर्षं तो नीट जपला होता. वेधशाळेत तिला सगळे शांत बाई म्हणून ओळखत. सकाळी वेळेवर सायकल लावायची, कोट खुंटीला अडकवायचा, मापनखोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली आकाशाच्या फोटोची काच ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत ताऱ्यांच्या जागा मोजत बसायचं. बोलणं बेताचं, हसणं त्याहून बेताचं. शांत माणसाला राग कमी येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी शांत माणूस धड पाहिलेलाच नसतो.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी जिन्यात, जुन्या शास्त्रज्ञांच्या चित्रांच्या भिंतीला शिडी लागलेली दिसली. शिडीवर तेउनिस क्राल, वेधशाळेचा सुतार, तोंडात खिळे धरून उभा होता.

"कुणाची जागा करतोयस?" विप्केनं विचारलं.

तेउनिसनं खिळे हातात घेतले. "नको विचारूस. सकाळी सकाळी तोंड कडू होईल."

"ओव्हरडाइक?"

"दुसरं कोण? नव्या वर्षात लागणार. तैलचित्र, सोनेरी चौकट. हायगेन्स आणि लेव्हेनहूकच्या मधोमध. दोघांना म्हटलं, जरा सरकून बसा बाबांनो, साहेब येतायत."

विप्के हसली नाही. त्या भिंतीवर तिचा जीव होता. सगळ्यात खाली स्टेव्हिन, ज्यानं व्यापाऱ्यांना आणि खलाशांना दशांश शिकवला. त्याच्या वर हायगेन्स. भावाला मदतीला घेऊन त्यानं स्वतः भिंगं घासली, आणि शनीभोवती कडं आहे हे जगाला सांगितलं. मग लेव्हेनहूक, डेल्फ्टचा कापडवाला. दुकान सांभाळून यानं काचेचे मणी घासले आणि पाण्याच्या थेंबात वळवळणारी जनावरं पाहिली. यातला एकही दुसऱ्याच्या ताटात जेवून मोठा झालेला नव्हता, निदान विप्केचा तसा विश्वास होता. आणि आता त्यांच्या पंगतीला वेधशाळेचा प्रमुख लुडॉल्फ ओव्हरडाइक बसणार होता. आयत्या बिळावरचा नागोबा!

ज्या ताऱ्यावर त्याचं नाव झालं तो तारा तिचा होता. सत्तेचाळीस सालच्या त्या भयंकर थंडीत, कोळसा संपलेला असताना, हातमोजे घालून, कोटावर कोट चढवून ती दक्षिण आफ्रिकेच्या ठाण्यावरून आलेल्या काचा मोजत होती. बावीस काचा एकापुढे एक ताडून पाहिल्यावर तिला तो सापडला. एक अंधुक तारा, दर एकोणीस दिवसांनी भडकणारा आणि तीन तासांत विझणारा. असं काही आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिनं आकडे मांडले, चारशे बारा नंबरच्या काचेवरून ताऱ्याच्या जागेचा नकाशा काढला आणि कागद वर नेऊन दिले. ओव्हरडाइक म्हणाला, "ठेवा. बघतो."

त्यानं जे बघितलं ते छापूनच आलं. लेखक एकच, लुडॉल्फ ओव्हरडाइक. शेवटच्या ओळीत 'मापनखोलीतल्या महिलांचे आभार'. विप्के त्या दिवशी घरी गेली, वाटाण्याचं सूप गरम केलं आणि न खाता ओतून दिलं.

पण त्याआधी, कागद वर दिल्यावर चारच दिवसांनी, तिला आपली एक चूक सापडली होती. काचेची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी खरबरीत. खरबरीत बाजूवर फोटो असतो आणि तिथेच कडेला शाईनं नंबर घातलेला असतो. मोजणाऱ्या बायका काचेचा कोपरा ओल्या ओठाला लावतात. ओठ चिकटला की ती फोटोची बाजू. त्या थंडीत विप्केचे ओठ फुटले होते आणि बोटं हातमोज्यात होती. चारशे बारा नंबरची काच तिनं पालथी ठेवली होती. नकाशा आरशातल्यासारखा उलटा निघाला होता. डावीकडचा तारा उजवीकडे.

ती सुधारलेला नकाशा घेऊन धावत वर गेली, तर लेख छापखान्यात गेलेला. कुणाच्या नावानं, ते टंकलेखिकेनं सांगितलं. विप्के जिना उतरून खाली आली आणि तो नकाशा तिनं आपल्या खणात ठेवून दिला. असू दे म्हणाली. घे, चूकही तुझीच.

दरवर्षीप्रमाणे चिठ्ठ्या निघाल्या. पाच डिसेंबरला सिंटरक्लास, भेटी वाटणाऱ्या संताचा सण. ज्याची चिठ्ठी आपल्याला येईल त्याच्यासाठी भेट करायची, ती कशात तरी दडवायची, आणि सोबत संताच्या नावानं यमक जुळवून त्याची खोड काढायची. कोण लिहितंय ते सांगायचं नाही. ज्याला मिळेल त्यानं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, आधी चाळून बघायचं नाही, आणि शेवटी 'धन्यवाद, सिंटरक्लास' म्हणायचं. रागावला तो हरला. त्या एका दुपारी झाडूवाली राणीलाही सुनावू शकते.

तेउनिसला ओव्हरडाइकची चिठ्ठी आली. तो ती मुठीत धरून मापनखोलीत आला.

"माझ्यानं यमक जुळत नाही. आणि या माणसाबद्दल लिहायला बसलो तर शिव्याच येतील. तुला कोण आलंय?"

"टंकलेखिका."

"दे इकडे. तिला एक टोपी विणलेली आणतो विकत. हा तू घे."

तेउनिसचंही ओव्हरडाइकशी काही गोड नव्हतं. तो जन्माचा सुतार नव्हता. तो निरीक्षक होता, दक्षिणेच्या ठाण्यावर दुर्बिणीमागे बसणारा. तो प्रसिद्ध तारा त्याला तीन वर्षं सापडला नाही. 'आळशी माणूस, आणि डोळ्यानं अधू' असा शेरा मारून ओव्हरडाइकनं त्याला परत बोलावलं आणि हातात रंधा दिला. दोघं रोज दुपारी एकत्र पाव-चीज खात आणि एकाच माणसाला शिव्या देत. मैत्रीला याहून पक्का पाया लागत नाही.

"एक डबा करून देशील?" विप्के म्हणाली. "वेधशाळेच्या घुमटासारखा. आत पाक आणि लाकडाचा भुसा भरायचाय."

"कोपरापर्यंत हात घालावा लागेल इतका खोल?"

"खांद्यापर्यंत चालेल."

तेउनिस असा खूश झाला की त्यानं घुमटाला उघडझाप करणारी फटसुद्धा केली. आत काय ठेवणार, ते विप्केनं सांगितलं नाही. चारशे बारा नंबरची काच तिनं पाकिटासकट मेणकापडात तिपदरी गुंडाळली. वेधशाळेची मालमत्ता होती ती. ओरखडा उठला असता तर नोकरी गेली असती. जाऊ दे, म्हणाली ती. खिळा ठोकला गेला होता. एकदा चित्र चढलं की मग कोण ऐकणार?

पाच तारखेला दुपारी दोन वाजता सगळे वाचनकक्षात जमले. बडीशेप घातलेलं गरम दूध, मसाल्याची बिस्किटं, ज्याच्या त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट. विश्वस्तांचे अध्यक्ष श्री. स्नूक मुद्दाम आले होते. हा म्हातारा जहाजांच्या धंद्यातला, ताऱ्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण चित्राचा खर्च तोच देणार होता. टंकलेखिकेला टोपी मिळाली. ग्रंथपालाच्या विसरभोळेपणावर बारा ओळी झाल्या. मग घुमट पुढे आला आणि एकच हशा उसळला.

"अरे बापरे," ओव्हरडाइक बाह्या सरसावत म्हणाला. उंचापुरा, रुबाबदार माणूस. "संत यंदा माझ्यावर प्रसन्न दिसतात!" त्यानं कागद उघडला आणि व्याख्यानाच्या आवाजात वाचायला घेतलं:

"संत सांगे, प्रोफेसरांची कीर्ती फारच थोर,
जिन्यावरती टांगायाला आणा जाड दोर.
लेव्हेनहूक आपुल्याच हाती घासे काच,
हायगेन्सच्या बोटांनाही भिंगाचा तो जाच.
तुमची बोटं गोरी गोरी, डाग ना ओरखडा,
तारा कसा गवसला मग? मला पडला तिढा.
पाकामध्ये हात घाला, काढा काच वर,
दाखवा तो तारा आम्हां, धरा खिडकीवर!"

पहिल्या दोन ओळींना सगळे हसले. पाचवीला निम्मेच हसले. ओव्हरडाइक मात्र शेवटपर्यंत हसत होता. रागावला तो हरला, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पाकात हात घातला. भुसा, चिकट धारा, टाळ्या. मेणकापड निघालं, पुसलं गेलं, आणि पाकिटातून काच बाहेर आली.

"चारशे बारा!" तो म्हणाला. "माझी जुनी मैत्रीण!"

विप्के मागच्या खुर्चीवर बसली होती. दुधाचा कप तिनं खाली ठेवला.

ओव्हरडाइक खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, बाकीचे त्याच्या पाठीशी दाटीवाटीनं. त्यानं काच उजेडावर धरली आणि क्षणभर गोंधळला. मग त्यानं ती उलटी करून पाहिली, आणि चेहरा खुलला. आता ती त्याच्या नकाशासारखी दिसत होती. अकरा वर्षं तो फळ्यावर तोच नकाशा काढत आला होता.

"हे दोन ठळक तारे. त्यांच्या उजवीकडे, हा बघा, टाचणीएवढा. ओव्हरडाइकचा तारा!"

मापनखोलीतल्या चारही बायकांची नजर काचेच्या कडेवर गेली. दोन निरीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला काही कळत नव्हतं तो स्नूकच बोलला.

"प्रोफेसर, कडेचा आकडा उलटा का हो दिसतोय?"

"कुठला आकडा?"

"तो शाईचा. चारशे बारा. आरशात दिसावा तसा दिसतोय."

ओव्हरडाइकनं पाहिलं. नाइलाजानं काच फिरवली. आकडा सरळ झाला, आणि त्याचा तारा पलीकडे, डावीकडे गेला. उजवीकडे त्याच जागी दुसराच कुठला तरी ठिपका उरला. ज्यानं एक दिवस जरी मापनखोलीत काढला असेल त्याला आकडा सरळ तर आकाश सरळ, एवढं ठाऊक असतं. ही काच या माणसानं कधी हातात धरलीच नव्हती, हे सगळ्यांना एकदमच कळलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि विप्केनं ते डोळे भरून पाहिलं. गोड वाटलं तिला. खोटं कशाला बोला, आयुष्यात इतकं गोड काही लागलं नव्हतं.

स्नूकनं पाकीट उचललं, चष्मा वर सरकवला. "पेन्सिलीनं लिहिलंय. 'काच पालथी ठेवली होती. नकाशा चुकीचा. वि. ते.' वि. ते. कोण?"

विप्के उभी राहिली. "मी. मोजणी माझी, तारा माझा आणि चूकही माझी. यांनी तिन्ही उचलली."

"प्रोफेसर?" स्नूक म्हणाला.

ओव्हरडाइकच्या मनगटावरून पाक ठिबकत होता. मागून कुणीतरी, बहुतेक ग्रंथपाल, हळूच म्हणालं, "शेवटचं राहिलं."

"धन्यवाद," ओव्हरडाइक म्हणाला. "धन्यवाद, सिंटरक्लास."

चित्राचं काय ते मग पाहू, असं स्नूकनं तिथल्या तिथे सांगितलं आणि जहाजवाल्याच्या आवाजात कागद मागवला. दुरुस्तीचं पत्र आजच लिहायचं, ज्याचा तारा त्याच्या नावानं. बायकांनी विप्केला मिठ्या मारल्या. ती तेउनिसला शोधत होती. ही जीत त्याचीही होती. आळशी ठरलेला, अधू ठरलेला माणूस आता खरा ठरला होता.

तो टेबलाशी उभा होता. काच पुसून झाली होती आणि पाकीट त्याच्या हातात होतं.

"खाली तारीख आहे," तो म्हणाला. "सत्तावीस फेब्रुवारी सत्तेचाळीस."

"हो."

"मी मे महिन्यात तिकडे पोचलो."

विप्केनं टेबलावर सांडलेला भुसा हातानं गोळा केला.

"माझी पत्रं यायची इथे. तारा दिसत नाही, नकाशा तपासा म्हणून. ओव्हरडाइक लिहायचा, मापनखोलीत तपासून घेतलाय, बरोबर आहे. तो खोटं बोलतोय असंच मी धरून चाललो होतो. खरंच द्यायचा तपासायला?"

नाही म्हणता आलं असतं. आता ओव्हरडाइकच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं?

"द्यायचा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"मला."

"सगळी?"

"सहाच्या सहा."

"चौथ्यात मी डोळ्यांबद्दल लिहिलं होतं."

तिला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता.

"डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत," तेउनिस म्हणाला. "तरी मी चष्मा करून घेतला. म्हटलं, त्यानं तरी दिसेल."

"तेव्हा सांगितलं असतं तर साधी दुरुस्ती छापून तो मोकळा झाला असता," विप्के म्हणाली. "मला चूक मोठी व्हायला हवी होती, तेउनिस. मला तो पुरायचा होता. तू मध्ये आलास."

त्यानं मान हलवली, कुणी रस्ता सांगितल्यावर हलवावी तशी. पाकीट टेबलावर ठेवलं, घुमट उचलला आणि कोपऱ्यातल्या मोरीवर जाऊन तो पाक धुऊ लागला.

"तेर्पस्ट्राबाई!" स्नूकनं पेन उघडून हाक मारली. "तुमचं पूर्ण नाव सांगा. छापायचं तर एक अक्षर चुकायला नको."

अकरा वर्षं ती या प्रश्नाची वाट पाहत होती. तिनं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून नाव सांगितलं. तेउनिसनं नळ बंद केला नाही.