चादरीचं दुसरं टोक

लॉन्ड्रीवाल्याने माईंच्या हातातला झाडू जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"माई, किती वेळा सांगायचं? वकीलबाईंनी बजावलंय. तुम्ही इथे गुरू म्हणून आलात. शिकवायचं सोडून दुसऱ्या कशाला हात लावलात, की व्हिसाचा अर्ज बाद. मग या देशातून गाशा गुंडाळायचा."

"बरं बाबा," माई म्हणाल्या आणि जिना चढून वरच्या खोलीत गेल्या. जाताना रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

त्या वेळी लॉन्ड्रीवाल्याला स्वतःच्या दक्षतेचं कौतुकच वाटलं. अर्जावर आश्रयदाता म्हणून त्याची सही होती, त्यामुळे तो ताकही फुंकून पीत होता. आधी इस्त्री माईंच्या हातून गेली, मग कपबशा आणि आता झाडू. वरच्या खोलीत त्याने हातांची एक मोठी खुर्ची आणून ठेवली होती. बायको म्हणालीसुद्धा, "देव्हाऱ्यात बसवलंत हो त्यांना. आता नुसती फुलं वाहा."

माईंना गमावायची त्याला मनापासून भीती वाटत होती. धंद्यात त्याचा धाकटा भाऊ भागीदार होता. हॉटेलांच्या मोठाल्या चादरींची घडी दोघांनी मिळून घालायची, एक टोक याच्याकडे, दुसरं त्याच्याकडे. भाऊ अचानक गेला तेव्हा हा ओली माती झाल्यासारखा यंत्रासमोर बसून राहिला. ओळखीतल्यांकडे पाहुण्या म्हणून आलेल्या माई त्या दिवशी कपडे न्यायला दुकानात शिरल्या, जमिनीवर लोळणारं टोक त्यांनी उचललं आणि म्हणाल्या, "धर." तेव्हापासून हा माणूस पुन्हा जेवूखाऊ लागला. पुढे टॅक्सीवाला, नर्सताई, कोपऱ्यावरचा चावीवाला असे कितीतरी जण कपडे न्यायला आले आणि घड्या घालत थांबले. हळूहळू लोक त्यांना गुरू म्हणू लागले. माईंनी ते ना मानलं, ना नाकारलं.

अर्जाच्या पाहणीसाठी सरकारी साहेब आले तेव्हा वरची खोली भरलेली होती. सगळे इस्त्रीचे कपडे घालून रांगेत बसले होते आणि माई खुर्चीत होत्या. चावीवाल्याला खोकला आला, तो त्याने दाबला.

"सुरू कधी होणार?" साहेबांनी हळूच विचारलं.

"सुरूच आहे, साहेब," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे बसलेत सगळे. बाई, तुम्ही यांना काय शिकवता?"

माईंना इथली भाषा बेताचीच यायची, पण प्रश्न त्यांना कळला. "सध्या काहीच नाही. यांनी बसवलंय, म्हणून बसलेय."

लॉन्ड्रीवाल्याची पाचावर धारण बसली. साहेबांनी फाइल मिटली. "मग मला तसंच लिहावं लागेल."

गप्प राहिलं तर माई जाणार. खरं दाखवलं तर नियम मोडला म्हणून जाणार. त्याने दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. ती वाटेतून बाजूला झाली. तो धडाधड जिना उतरला आणि यंत्रातून नुकत्याच निघालेल्या गरम चादरींची टोपली घेऊन वर आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं, पण टोपली त्याने माईंच्या पायाशी ठेवली.

"साहेब, हे शिकवतात. मी भीतीपोटी बंद केलं होतं."

माई उठल्या. त्यांनी वरची चादर झटकली आणि दोन टोकं सरळ साहेबांपुढे धरली. साहेब गोंधळले. मग त्यांनी फाइल रिकाम्या खुर्चीत ठेवली आणि टोकं घेतली.

पहिल्यांदा त्यांनी इतकी ओढली की चादर माईंच्या हातून सुटली. दुसऱ्यांदा मधेच झोळ पडला.

"ओढू नका," माई म्हणाल्या. "सोडूही नका. मी इकडे आहे."

तिसऱ्यांदा चादर मधोमध नीट ताणली गेली. दोघं एकमेकांकडे चालत आले, माईंनी त्यांच्या हातातली टोकं घेतली आणि क्षणभर तिथेच थांबल्या. मागे नर्सताईने दुसरी चादर उचलली. ज्या चावीवाल्याशी टॅक्सीवाल्याचा अबोला होता, त्याच्याच हातात त्याने तिसरीची टोकं दिली.

"घरी मी एकटाच घालतो घडी," साहेब एकाएकी म्हणाले. "हनुवटीखाली धरून. गेलं वर्षभर."

माईंनी पुढची चादर काढली.

लॉन्ड्रीवाल्याच्या अंगावर काटा आला. आजवर तो कायम दुसऱ्या टोकाला असायचा. हे बाहेरून कसं दिसतं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. खोलीत पांढऱ्या चादरी उघडत होत्या, मिटत होत्या, माणसं लांब जात होती आणि परत जवळ येत होती. आपण एवढ्या मोठ्या बाईला खुर्चीत कोंडलं होतं, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

टोपली रिकामी झाल्यावर साहेबांनी फाइल उचलली.

"या चादरी गिऱ्हाइकांच्या?"

"हो, साहेब."

"मग हे धंद्याचं काम ठरतं. काम करताना कोण कोण आढळलं, ते मला लिहावं लागतं."

"लिहा," लॉन्ड्रीवाला म्हणाला. आवाज कापला नाही याचं त्यालाच नवल वाटलं. साहेबांनी पेन उघडलं, तसा तो पुढे झाला आणि माईंचं पूर्ण नाव सांगू लागला.

"थांबा," साहेब कागदावरून नजर न उचलता म्हणाले. "त्यांचं नंतर. आधी माझं लिहू द्या."